गीतरत्नातील वधू आणि एक ‘पण’

नाताळ सरला की उपवासकाळ लागेपर्यंत आमच्याकडे लग्नांची घाई असते. विवाहविधीसाठी ख्रिस्तसभेने जुन्या करारातील जी वाचने नेमून दिली आहेत, त्यांत ‘गीतरत्न’ या पुस्तकातील एक उतारा आहे. आणि निवड वधूवरांवर सोपवली की पुष्कळ जोडपी तोच उतारा निवडतात. का निवडतात, हे सांगायला नको. त्यात डोंगरटेकड्यांवरून उड्या घेत येणारा प्रियकर आहे, खडकाच्या कपारीत दडलेल्या पारव्यासारखी प्रेयसी आहे आणि प्रीतीचे बळ मरणाच्या बळाशी ताडून पाहणारे ते प्रसिद्ध वचन आहे. उतारा तसा लहान आहे. दुसऱ्या अध्यायातील ८ ते १० ही वचने, मग १४ वे, मग १६ व्याचा पूर्वार्ध आणि तेथून थेट आठव्या अध्यायातील ६ वे व ७ व्याचा आरंभ. मधले सारे गाळलेले. उपासनेसाठी उतारे असेच बेतावे लागतात, त्याविषयी आमची तक्रार नाही.

आमची तक्रार स्वतःविषयी आहे. या उताऱ्यावर आम्ही दोन तपांहून अधिक काळ प्रवचने करीत आलो. त्यातील १४ व्या वचनात प्रियकर कपारीतल्या त्या मुलीला विनवतो, की तुझे मुख मला पाहू दे. हे वचन आले की आम्ही वधूच्या डोक्यावरील व्हेलकडे पाहून एखादे सौम्य विनोदी वाक्य टाकीत असू. मंडळी हसत, छायाचित्रकार पुढे सरसावत आणि प्रवचन सुखरूप पैलतीराला लागे. ही मुलगी लपली आहे ती कशासाठी, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. लाजून लपली असेल, एवढेच आम्ही गृहीत धरले होते. परंतु हे पुस्तक आरंभापासून सलग वाचणाऱ्याला तो प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. कारण पहिल्याच अध्यायातील पाचव्या व सहाव्या वचनांत याच मुलीने, माझ्याकडे असे पाहत राहू नका, असे यरुशलेमच्या कन्यांना बजावलेले आहे. मूळ हिब्रू भाषेत दोन्ही ठिकाणी ‘पाहणे’ या अर्थाचा एकच धातू योजलेला आहे. ती म्हणते, पाहू नका. तो म्हणतो, पाहू दे. विवाहाच्या वाचनात त्याची विनंती आली आहे, तिचा नकार मात्र आलेला नाही. आणि नकार ठाऊक नसेल तर त्या विनंतीत उरते काय? चार गोड शब्द.

त्या दोन वचनांचा आशय आमच्या शब्दांत असा आहे. मुलगी यरुशलेममधील शहरी मुलींना उद्देशून आपल्या वर्णाविषयी बोलते. ती काळी आहे. केदारच्या तंबूंशी ती स्वतःची तुलना करते. हे तंबू वाळवंटातील भटक्या टोळ्यांचे, काळ्या शेळ्यांच्या केसांपासून विणलेले. पण त्याच दमात ती शलमोनाच्या पडद्यांचेही नाव घेते, म्हणजे राजवाड्यातील मौल्यवान वस्त्रांचे. मग एकदम तिचा स्वर बदलतो. ती कारणे देऊ लागते. उन्हाने रापले, भाऊ माझ्यावर रागावले, त्यांनी मला द्राक्षमळ्यांच्या राखणीला लावले, आणि स्वतःचा मळा मात्र माझ्याकडून राखला गेला नाही. हा शेवटचा मळा म्हणजे तिचे शरीर, तिचे रूप, याविषयी भाष्यकारांत फारसा मतभेद नाही.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. दुसऱ्यांचा मळा राखता राखता स्वतःकडे पाहायचे राहून गेले, हे दुःख आमच्या वसईच्या वाडीतल्या बायकांना समजावून सांगावे लागत नाही. पानवेलींत, केळीत, फुलांच्या वाफ्यांत ज्यांचे दिवस गेले, पहाटेच्या गाडीने डोक्यावर टोपली घेऊन ज्या मुंबईच्या बाजारात गेल्या, त्यांच्यापैकी कितीजणींना आरशासमोर उभे राहायला वेळ मिळाला? आणि कामाला कुणी लावले, हा तपशीलही कवीने सोडलेला नाही. पित्याचा या पुस्तकात कोठेही उल्लेख नाही. आईचा वारंवार आहे. परंतु हुकूम चालतो तो भावांचा.

‘उन्हाने रापले’ असे आम्ही वर लिहिले, पण मूळचे क्रियापद अधिक चमत्कारिक आहे. तेच क्रियापद ईयोबाच्या पुस्तकात डोळ्यांनी पाहण्यासाठी आले आहे. म्हणजे सूर्याने तिच्याकडे पाहिले आणि ती काळवंडली. आता शहरातल्या मुली पाहत आहेत. तिला उन्हाइतकीच बोचते ती नजर.

आता त्या पाचव्या वचनातील एका अक्षराकडे वळू. ‘काळी’ आणि ‘सुंदर’ ही दोन विशेषणे जोडण्यासाठी हिब्रूत जे उभयान्वयी आहे, ते केवळ एका अक्षराचे आहे. ‘वाव’ असे त्याचे नाव. संदर्भाप्रमाणे त्याचा अर्थ ‘आणि’ होतो, ‘पण’ही होतो. ख्रिस्तपूर्व काळात ज्यांनी जुना करार ग्रीक भाषेत नेला, त्या परंपरेने येथे ‘आणि’ वाचले. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोम यांनी हिब्रूवरून लॅटिन भाषांतर केले, त्यात ‘पण’ आले; आणि हा ‘पण’ पुढे पश्चिमेकडील ख्रिस्तसभेच्या कानांत इतका मुरला की पवित्र मरियेच्या सणांच्या संध्यावंदनात तो गायिला गेला. १६१० साली मोंतेव्हेर्दी या इटालियन संगीतकाराने आपल्या विख्यात संध्यावंदनात हे शब्द एका पुरुष गायकाच्या तोंडी घातले आहेत, तेही त्या ‘पण’सह. १६११ च्या इंग्रजी राजमान्य भाषांतरातही ‘पण’ आहे. इंग्रजीतील १९५२ च्या सुधारित आवृत्तीत तो टिकला. १९८९ च्या नव्या सुधारित आवृत्तीत मात्र ‘आणि’ परत आला. एका अक्षराने दीड हजार वर्षांचा प्रवास करून स्वतःच्या जागी परत येण्याचे असे उदाहरण विरळाच.

अर्थात जेरोम यांनी ‘पण’ घातला तो भाषेच्या अज्ञानातून नव्हे. त्यांच्यापूर्वी तिसऱ्या शतकात ओरिजेन यांनी या काव्याचे मोठे भाष्य लिहिले होते, आणि त्यात ही वधू म्हणजे अन्य राष्ट्रांतून आलेली ख्रिस्तसभा ठरली होती: पापामुळे काळी, पश्चात्तापामुळे सुंदर. असा अर्थ लावल्यावर ‘आणि’ला जागा कोठून उरणार? पाप आणि सौंदर्य यांच्यामध्ये ‘पण’च यायला हवा. बाराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी या काव्यावर ८६ प्रवचने केली. ११३५ साली त्यांनी आरंभ केला आणि ११५३ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत ते तिसऱ्या अध्यायाच्या उंबरठ्यापर्यंतच पोहोचले होते. (आमच्या प्रवचनांच्या लांबीविषयी कुरकुर करणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात घ्यावा.) बर्नार्ड यांच्याविषयी न्यायाने बोलायचे तर त्यांना हे वचन टोचले होते. काळे ते सारेच कुरूप नव्हे, डोळ्यातील बाहुली काळीच असते, अशा आशयाचे विवेचन त्यांनी केले आहे, आणि ते आम्हाला प्रिय आहे. परंतु त्यांनाही अखेर बाहेरचे काळे व आतले सुंदर अशी वाटणी करावी लागली. या थोर पुरुषांच्या आध्यात्मिक अर्थाचा आम्ही अव्हेर करीत नाही. त्या अर्थाने शतकानुशतके पवित्र जीवने पोसली आहेत. आमचे म्हणणे इतकेच की, त्या मुलीची कातडी ही कातडी म्हणून कुणी पाहिली नाही. ती पापाची खूण झाली, विनयाची खूण झाली, दुःखभोगाची खूण झाली. उन्हात काम करून रापलेली कातडी मात्र राहिली नाही, आणि तिच्या मागचे ते भाऊ निर्दोष सुटले.

आम्हा मराठी वाचकांना हा ‘पण’ परका नाही. स्थळ सांगताना तो आपल्या तोंडी किती सहज येतो! मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे. रंग उजळ नाही, पण स्वभाव गोड आहे. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. तो मुलीची बाजूच मांडीत असतो. परंतु त्या ‘पण’ने पहिल्या विशेषणावर दोषाचा शिक्का बसतो आणि दुसरे विशेषण भरपाई म्हणून उभे राहते. तेच ‘सावळा’ हे विशेषण पंढरीच्या विठोबाला लागले की मराठी भाषा प्रेमाने ओथंबते, तेथे तिला कोणत्याही ‘पण’ची गरज भासत नाही; एक वेलांटी बदलली की मुलीच्या बापाला मान खाली घालावी लागते. हा रोग केवळ हिंदू समाजाचा आहे, असे समजून आपण निश्चिंत राहू नये. चर्चच्या आवारात विवाहेच्छूंची माहिती भरून घेताना ‘वर्ण’ हा रकाना आम्हीही कित्येक वर्षे ठेवला होता. त्यात ‘गोरी’, ‘गहूवर्णी’, ‘निमगोरी’ असे शब्द येत. ‘काळी’ हा शब्द आम्ही एकदाही वाचल्याचे स्मरत नाही. १९७५ साली भारतात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाने २०२० साली आपल्या नावातील गोरेपणा काढून टाकला आणि ते ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. नाव बदलले, नळी पूर्वीसारखीच खपते.

तेव्हा ‘पण’ काढून ‘आणि’ घातला की काम झाले, असे आजचे काही अभ्यासक मानतात. व्याकरणाच्या दृष्टीने आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. मुलगी बोलण्यास आरंभ करते ती ताठ मानेने, तेव्हा पाचव्या वचनात ‘आणि’च शोभतो. मराठीत तर उभयान्वयीही नको. दोन विशेषणे शेजारी शेजारी ठेवली तरी पुरे. परंतु पाचवे वचन धीटपणे वाचून सहावे विसरणारांशी आमचे जमत नाही. ती पूर्णपणे निःशंक असती तर तिने कारणे कशाला दिली असती? सहाव्या वचनात ‘काळी’ या शब्दाचे जे लांबवलेले रूप आहे, ते संपूर्ण हिब्रू शास्त्रात याच ठिकाणी आढळते. कुणी त्याचा अर्थ ‘काळसर’ असा सौम्य करतात, कुणी ‘काळीकुट्ट’ असा तीव्र करतात. आम्हाला वाटते, ही संदिग्धता तिच्या मनातलीच आहे. आरशासमोर उभी असलेली व्यक्ती एका क्षणी म्हणते, तसे काही फार वाईट नाही. दुसऱ्या क्षणी तिला स्वतःचा चेहरा पाहवत नाही. कवीने दोन्ही क्षण ठेवले आहेत. त्यांतला एक काढून आपण तिला शूर केले किंवा दीन केले, तर ती खरी राहत नाही.

आम्ही हे पुस्तक पुन्हा उघडले ते भाषाशास्त्राच्या ओढीने नव्हे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक विवाहित भगिनी धर्मगुरुनिवासात भेटावयास आल्या. (हा पापनिवेदनातील विषय नव्हता, त्यांच्या अनुमतीने लिहीत आहोत आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांच्या हातांवर व मानेवर कोडाचे पांढरे डाग उठू लागले होते. घरात बोलणारे कुणी नव्हते. नवरा सज्जन, मुले शहाणी. तरीही त्यांनी लांब बाह्यांचे कपडे घालायला सुरुवात केली होती, समारंभाच्या छायाचित्रांतून त्या मागच्या रांगेत सरकल्या होत्या आणि नवऱ्यासमोर केस विंचरणेसुद्धा त्यांनी सोडले होते. आम्ही सेमिनरीत शिकलो होतो तेच सांगितले. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील सोळाव्या अध्यायाचा दाखला दिला: मनुष्य बाह्यरूप पाहतो, देव अंतःकरण पाहतो. बाईंनी ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या, “फादर, देवाची मला काळजी नाही. मी ह्यांच्याविषयी विचारत होते.”

आम्ही निरुत्तर झालो. थोड्या वेळाने विचारले, “ते काही म्हणतात का?”

“म्हणतात, मला काही फरक पडत नाही. नेहमी तेच म्हणतात. फरक पडत नाही म्हणजे फादर, ते बघतच नाहीत.”

पुढे आम्हाला शमुवेलाचा तो अध्याय पुन्हा वाचताना ओशाळल्यासारखे झाले. देव अंतःकरण पाहतो असे सातव्या वचनात सांगणारा तोच निवेदक बाराव्या वचनात दावीद आत येताच त्याच्या सुंदर डोळ्यांचे व देखणेपणाचे वर्णन केल्यावाचून राहत नाही. पवित्र शास्त्र आमच्याइतके शरीराला भीत नाही. मनाचे सौंदर्य हेच खरे सौंदर्य, हे आम्हा प्रवचनकारांचे आवडते वाक्य आहे. ते खोटे नाही. परंतु आपल्या माणसाला मी हवीशी वाटते का, असे विचारणाऱ्याला ते सांगणे म्हणजे भूक लागलेल्याला उपवासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे.

मग गीतरत्नातील प्रियकर काय करतो? तो तिचे म्हणणे खोडून काढीत नाही. तू काळी नाहीस, असे तो एकदाही म्हणत नाही. आणि फरक पडत नाही, असेही म्हणत नाही. तो पाहतो, आणि पाहिले ते सांगतो. एकेक अवयव घेऊन, सावकाश. चौथ्या अध्यायात केस, दात, ओठ, गाल, मान, वक्ष. सातव्यात पायांपासून वर, पोट, नाभी, नाक. सीरियातील खेड्यांत लग्नाच्या वेळी वधूचे असे नखशिखान्त वर्णन गाण्याची रीत होती, हे एकोणिसाव्या शतकात दमास्कस येथे प्रशियाचे वकील असलेल्या वेट्झस्टाइन यांनी नोंदवले, तेव्हा पंडितांना या अध्यायांचा उलगडा होऊ लागला. पुढे पोप बारावे पायस यांनी १९४३ साली पवित्र शास्त्रातील साहित्यप्रकार ओळखून मूळ शब्दार्थाकडे वळण्यास कॅथॉलिक अभ्यासकांना प्रोत्साहन दिले; आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८४ सालच्या मे-जून महिन्यांत आपल्या बुधवारच्या भाषणांत हेच काव्य शरीराची भाषा म्हणून उलगडून दाखवले. आमच्या सेमिनरीत मात्र हे अध्याय घाईने उरकले गेले. गिलादाच्या उतारावरून धावणाऱ्या शेळ्यांसारखे केस, लबानोनच्या बुरुजासारखे नाक, गव्हाच्या राशीसारखे पोट! मागच्या बाकांवर हशा पिकला आणि प्राध्यापकांनी पान उलटले.

आज त्या उपमा आम्हाला हास्यास्पद वाटत नाहीत. आज ज्या मुली आपले पोट सपाट व्हावे म्हणून उपाशी राहतात, त्यांना गव्हाची रास ही उपमा ऐकवली तर त्या रागावतील हे खरे. परंतु या उपमांत कोठेही माप नाही. उंची, वजन, रंग, काही मोजलेले नाही. तिच्यासारखी अशी दुसरी कोण, एवढेच ते वर्णन सांगते; आणि तेही शेळ्या, मेंढ्या, गहू, डाळिंब यांच्या साहाय्याने, म्हणजे जिथे ती उन्हात राबली त्याच जगातल्या वस्तूंच्या साहाय्याने. शहरी कन्यांच्या जगातून त्याने फार थोडे उसने घेतले आहे. तिच्यात काहीच वैगुण्य नाही, असे तो चौथ्या अध्यायाच्या सातव्या वचनात म्हणतो खरे. पण आधीची सहा वचने पाहून झाल्यावर. ते वाक्य आधी आले असते तर ती केवळ खुशामत ठरली असती.

आणखी एक लहानशी गोष्ट आमच्या उशिरा ध्यानी आली. पाचव्या अध्यायात यरुशलेमच्या कन्या तिला विचारतात, तुझ्या प्रियकरात असे विशेष ते काय? तेव्हा ती त्याचे वर्णन करते, आणि त्याचे केस कावळ्यासारखे काळे आहेत असे कौतुकाने सांगते. हा ‘काळा’ शब्द तोच आहे, जो तिने पहिल्या अध्यायात स्वतःसाठी वापरला होता. ज्या रंगाबद्दल तिने शहरी मुलींना कारणे दिली, तोच रंग त्याच मुलींसमोर ती आता प्रशंसेचा म्हणून उच्चारते. पुरुषांनाही आपल्या रूपाविषयी न्यूनगंड असतो, टक्कल, उंची, सुटलेले पोट यांचा सल असतो, आणि त्यांच्या बायकांनी ते असे कधी पाहून सांगितले तर त्यांनाही बरे वाटेल. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आठव्या अध्यायात भाऊ परत येतात. हा योगायोग नव्हे, काव्याची चौकट आहे. आमची बहीण लहान आहे, तिला अजून स्तन नाहीत, तिला मागणी येईल त्या दिवशी आपण काय करावे, अशी त्यांची बैठक चालू आहे. पवित्र शास्त्र ज्या शब्दाला लाजत नाही, त्याला आम्हीही लाजू नये. ती तट असेल तर तटावर रुप्याचा साज चढवू, ती दार असेल तर देवदाराच्या फळ्या ठोकू. म्हणजे उणे असेल ते सजवायचे किंवा बंद करायचे. स्थळ येण्याआधी मुलीच्या अंगाचा हिशेब मांडणाऱ्या अशा बैठका आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. काहींत बसलोही आहोत. पहिल्या अध्यायात या भावांपुढे ती बोलली नव्हती, त्यांच्याविषयी केवळ इतरांना सांगत होती. येथे ती मध्येच बोलते: मी तट आहे, आणि माझे स्तन बुरुजांसारखे आहेत.

‘बुरूज’ हा शब्द तिने आणला कोठून? प्रियकराने तिच्या मानेला दावीदाच्या बुरुजाची उपमा दिली होती, पुढे पुन्हा मानेला व नाकालाही बुरुजाचीच. त्याच्या तोंडचा शब्द तिने उचलला आणि त्याने तो जेथे लावला नव्हता तेथे, भावांनी जेथे उणे काढले होते नेमके तेथे, स्वतः लावला. सबंध काव्यातील आम्हाला सर्वांत मोठी वाटणारी घटना ही आहे. आणि लगेच ती म्हणते, की त्याच्या दृष्टीत मी शांती लाभलेल्या स्त्रीसारखी झाले. पहिल्या अध्यायात जी दृष्टी बोचत होती, ती येथे विसाव्याची जागा झाली.

सातव्या अध्यायाच्या उत्तरार्धात तिचे आणखी एक वाक्य आहे: त्याची ओढ माझ्याकडे आहे. या ‘ओढ’साठी जो हिब्रू शब्द आहे तो जुन्या करारात केवळ तीनदा येतो. त्यांपैकी एक उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, एदेन बागेतून घालवून देण्यापूर्वी स्त्रीला सांगितलेल्या वचनात आहे: तुझी ओढ नवऱ्याकडे राहील आणि तो तुझ्यावर सत्ता चालवील. येथे ओढीची दिशा उलटली आहे आणि सत्तेचा उल्लेख नाही. मी हवीशी आहे, हे स्त्रीने स्वतःच्या तोंडाने, न लाजता, तक्रारीच्या सुराविना म्हणावे, असे दुसरे स्थळ शास्त्रात आम्हाला आठवत नाही.

यावर आक्षेप घेता येईल, आणि आम्ही तो मनाशी घेतला आहे. तिची शांती जर त्याच्या दृष्टीवर अवलंबून असेल, तर ज्या स्त्रीचा नवरा पाहत नाही, किंवा पाहून टोमणा मारतो, तिने काय करावे? विधवेने, अविवाहितेने काय करावे? गीतरत्न याचे उत्तर देत नाही. हे प्रेमकाव्य आहे, औषधाची यादी नव्हे. आम्ही इतकेच दाखवू शकतो की, काव्यातील क्रम पाहण्यासारखा आहे: स्वतःला सुंदर म्हणणारी पहिली व्यक्ती ती स्वतः आहे, आणि तेव्हा प्रियकर अजून बोललेलाही नाही. त्याच्या दृष्टीने तिला रूप दिले नाही. जे म्हणताना तिचा आवाज सहाव्या वचनात कापला, ते आठव्या अध्यायात न कापता म्हणण्याचे बळ दिले. हे बळ एरवी कोठून मिळते, हे सांगण्याचा अधिकार आमच्यासारख्या ब्रह्मचाऱ्याला किती, याची आम्हाला शंका आहे.

त्या भगिनींच्या यजमानांना आम्ही एकदा गाठून चौथा अध्याय वाचण्यास सांगितले. ते थोडे गोंधळले. प्रायश्चित्त म्हणून का, असे त्यांनी विचारले. नाही म्हणालो. पुढे त्यांनी तो वाचला की नाही, आम्ही विचारले नाही.

गेल्या मे महिन्यात एका लग्नात तोच नेहमीचा उतारा वाचला गेला. नेमलेल्या वाचनात बदल करण्याची मुभा आम्हाला नाही; परंतु प्रवचनात आम्ही पहिल्या अध्यायातील ती दोन वचने सांगितली, द्राक्षमळ्याचे व भावांचे सांगितले आणि मगच कपारीतील मुलीकडे आलो. विनोद केला नाही. मंडळी नेहमीसारखी हसली नाहीत. मिस्सानंतर दाराशी एक वयोवृद्ध बाई आमचा हात धरून म्हणाल्या, “फादर, ती पोर आमच्यासारखी वाडीतली होती हे एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नाही.” आम्ही सुखावलो. एवढ्यात वधूच्या आई लगबगीने आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “फादर, लग्नाच्या दिवशी ते काळीबिळी कशाला काढलंत? लोकांना वाटलं, आमच्या मुलीला उद्देशूनच बोलताहेत.”

आम्ही त्यांना आत नेले आणि ग्रंथ उघडून ते पान दाखवले. त्यांनी चष्मा लावून सहावे वचन वाचले. पुन्हा एकदा वाचले. मग पुस्तक मिटून आमच्या हाती दिले, आणि पाहुणे खोळंबलेत असे म्हणून त्या बाहेर गेल्या.